समुद्राला पाणी कधी येतं

या, असे पुढे सरका. दारात उभे राहू नका, मागच्यांचा उजेड अडतो. आज तुम्हाला एका पाणी सोडणाऱ्या माणसाची आणि त्याच्या बायकोची गोष्ट सांगायची आहे. यात राजा नाही, राणी नाही, कुणी कुणाला फसवत नाही. दोघं नवराबायको एका दिवसासाठी समुद्र बघायला जायचं ठरवतात, एवढीच ती. पण देवानं माणसाला केवढं मोठं अंगण दिलंय आणि माणूस त्यात किती जपून पाय टाकतो, ते या गोष्टीत आहे. तेव्हा कान जरा इकडे द्या.

त्या पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चावीवाले म्हणत, आणि चावीवाल्यांनी फोन कानाला घट्ट धरला होता. दुसऱ्या कानात बोट घातलं होतं, कारण त्यांचा मेहुणा शेजारीच बसून फुर्र फुर्र चहा पीत होता. मेहुणा ट्रक चालवायचा, माल घेऊन समुद्रकाठच्या एका मोठ्या शहराच्या बंदरापर्यंत जायचा. किनाऱ्यावरच्या एका चहावाल्याशी त्याची दोस्ती होती. त्याचाच नंबर त्यानं लावून दिला होता.

"चहावाले का? मी ट्रकवाल्याचा भाऊजी बोलतोय. येत्या सुट्टीला आम्ही दोघं येतोय, समुद्र बघायला. बस कुठं सोडते ते कळलं. आता एकच विचारायचं होतं. तुमच्या समुद्राला पाणी किती वाजता येतं?"

मेहुण्याच्या नाकातून चहा आला.

"भाऊजी," तो खोकत म्हणाला, "समुद्र आहे तो. तुमचा नळ नाही."

"तू गप रे."

फोनच्या पलीकडे मात्र कुणी हसलं नाही. कपबश्यांचा आवाज झाला, मग चहावाला म्हणाला, "कुठल्या दिवशी येताय?"

चावीवाल्यांनी दिवस सांगितला.

"मग जेवणाच्या वेळेला या. काठोकाठ असेल. सकाळी लवकर आलात तर नुसता चिखल दिसेल, पाणी लांब गेलेलं असतं. आणि हे रोज थोडं थोडं पुढं सरकतं बरं का. आज आलं त्या वेळेला उद्या येत नाही, जरा उशिरा येतं."

"रोज उशीर?"

"रोज. चंद्रामुळं म्हणतात. मी काही विचारायला गेलो नाही."

चावीवाल्यांनी फोन ठेवला. मेहुणा काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच तोंड उघडलं.

"रोज उशिरा येतं म्हणे. आणि एक माणूस तक्रार करत नाही."

आता त्यांना याचं एवढं नवल का वाटलं, ते सांगतो. चावीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गावाशेजारच्या टेकडीवर पाण्याची टाकी होती. तिच्यातून मेन लाईन खाली उतरायची आणि तिला गल्लीगल्लीचे फाटे फुटायचे. प्रत्येक फाट्यावर रस्त्यात एक खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह, वर लोखंडी झाकण. कमरेइतकी उंच, डोक्याला आडवा दांडा असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सकाळपासून गावभर फिरायचे. झाकण उचलायचं, चावी आत बसवायची, दोन्ही हातांनी दांडा रेटायचा. जमिनीखाली आधी हवा फुसफुसायची, मग गडगड व्हायची, आणि गल्लीच्या टोकाकडून बायकांचा आवाज यायचा, "आलं, आलं."

प्रत्येक गल्लीचे वार ठरलेले, वेळ ठरलेली. चहा प्यायला जरा थांबले तरी दारादारातून तोंडं बाहेर यायची. "काय चावीवाले, झोप लागली होती का?" "आमची गल्ली नकाशावर आहे ना अजून?" हसत हसत ते सगळं ऐकून घ्यायचे. पाणी मी देतो असं मात्र त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. "देणारा वेगळा. मी आपला वाट मोकळी करतो," म्हणायचे.

त्यांची स्वतःची गल्ली चढावर, सगळ्यात टोकाला. नोकरीला लागले तेव्हा चारचौघांत कुणीतरी टोमणा मारला होता, "चावी घरात म्हटल्यावर काय, यांच्याकडे पाण्याचा सुकाळ." ते बोलणं त्यांना असं झोंबलं की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या गल्लीचा नंबर सगळ्यांच्या शेवटी टाकला. तो शेवटीच राहिला. टाकी तळाला टेकली की मग त्यांची बायको भरायची त्या गल्लीच्या सामाईक नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही थांबत थांबत. गावात त्यांचं नाव झालं, माणूस सोन्यासारखा म्हणून. त्या सोन्याचं वजन कोण उचलत होतं, हे कुणी विचारलं नाही. खुद्द चावीवाल्यांनीही नाही.

बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू बोलायला तिखट, पण मागायला अगदी कंजूष. संसारात त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तीही लग्न नवं असताना. "पाणी मोजून मिळत नाही अशी एखादी जागा असेल तर मला दाखवा."

"समुद्र दाखवतो की," चावीवाले छाती काढून म्हणाले होते.

मग कधी लाईन फुटली, कधी टाकीला गळती लागली, कधी उन्हाळ्यात टँकरमागे धावायची वेळ आली. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "जाऊ गं. समुद्र काय पळून जातोय?" हळूहळू काकूंनी विषय काढणं सोडलं. भाऊ म्हणायचा, "ताई, माझ्या ट्रकमध्ये बस, उद्या दाखवतो." त्यावर काकू म्हणायच्या, "तुझ्या ट्रकमधून गेले तर समुद्र येईपर्यंत माझी हाडं पोत्यात भरावी लागतील. आणि मागितलाय तो यांच्याकडे. तू मध्ये कशाला नाचतोस?"

असं चाललं असतं तसंच. पण मध्यंतरी काकू दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या, भांडी घेताना बाजूचं भांडं पाडायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. कडेकडेचं दिसणं चाललंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी सांभाळायचं. ते किती टिकेल, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

घरी येताना चावीवाले खाली मान घालून चालत होते. काकूच म्हणाल्या, "एवढं तोंड पाडायला काय झालं? समोरचं दिसतंय की स्वच्छ. तुमच्या पाईपाला डोळा लावून बघितल्यासारखं. फक्त कडा नाहीत."

त्या संध्याकाळी चावीवाल्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं आणि सहल ठरवायला बसले; चहावाल्याला मघाचा तो फोन झाला तो याच वेळी.

आठवड्यातला एक दिवस टाकी भरायला ठेवलेला असायचा, त्या दिवशी गावाला पाणी नसायचं. तोच दिवस धरला. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत.

"दीपगृह आहे, वर चढू देतात," मेहुणा बोटांवर मोजत सांगू लागला. "मत्स्यालय आहे, काचेच्या भिंतीमागं माणसाएवढे मासे. एक इमारत आहे, लिफ्टनं गच्चीवर नेतात, वरून अख्खं शहर दिसतं. पूल तर असला लांब, की अलीकडे चुकलेलं गाणं पलीकडे पोचेपर्यंत सुरात येतं."

"तुझं येत नाही कधी," काकू आतून म्हणाल्या.

"ताई, तू ठरव. पहिल्यांदा काय?"

"मला काय विचारता? जायच्या दिवशी गाडीत बसले की खरं मानीन."

पण रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून झटकली, ते चावीवाल्यांनी बघितलं. त्यांच्या जिवाला बरं वाटलं. मग ते अंगणात जाऊन उभे राहिले. चंद्र छपरांवर आला होता. एवढा तो लांब, अबोल, हात नाही, चावी नाही, आणि कुठल्या कुठं समुद्राचं पाणी ओढतो आणि सोडतो. माणसाच्या हातून एवढ्याशा गावाचं वेळापत्रक सांभाळताना नाकीनऊ येतात. हे वेळापत्रक कुणी बसवलं असेल? चावीवाल्यांच्या अंगावर काटा आला, आणि तो त्यांना फार आवडला.

आता पुढचं ऐका. निघायच्या आदल्या संध्याकाळी नाल्याच्या पुलाजवळ मेन लाईन फुटली.

निरोप आला तेव्हा पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. चावीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि मान खाली घालून चपला पायात सरकवल्या. जुन्या पाईपाचा जोडच चिरला होता. तसा दुसरा बाहेरगावाहून यायचा होता. अख्खं गाव कोरडं. दुरुस्तीला किती दिवस गेले, ते त्यांच्या चिखलानं माखलेल्या कपड्यांनाच ठाऊक. शेवटी पाणी सुरू झालं आणि ते घरी आले, तेव्हा पिशवी पुन्हा खुंटीवर होती. रिकामी.

"पिशवी उपसलीस?"

"कपडे चुरगळतात."

"पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ."

"जाऊ की," काकू म्हणाल्या. "समुद्र काय पळून जातोय?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं आपण हेच म्हणत आलो, आणि ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, हे चावीवाल्यांना पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, सुट्टीच्या दिवशी मी गावात नाही. चावी मीटर वाचणाऱ्याकडे दिलीय."

"आणि लाईन फुटली तर?"

"तर फुटली."

साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस असं बोलू शकतो, हे त्यांना नवीन होतं. "जाऊन या," एवढंच म्हणाले.

सगळी तयारी झाली, फक्त एक गोष्ट राहिली. चहावाल्याला पुन्हा फोन करायचं चावीवाल्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या धंद्यात पाणी वारावर चालायचं. वार तोच, म्हणजे वेळ तीच. आठवडाभर समुद्र रोज पुढं पुढं सरकत राहिला असेल, हा हिशोब त्यांच्या हातून सुटला.

बस शहरात शिरली तेव्हा काकू खिडकीशी होत्या. इमारती बघायला त्यांना मान खालून वर न्यावी लागे, आणि वरचं टोक सापडेपर्यंत बस पुढे जाई. "पाणी कसं चढवत असतील हो एवढ्या वर?" त्यांनी विचारलं. चावीवाल्यांनाही तोच प्रश्न पडला होता. दोघं जेवणाच्या वेळेला किनाऱ्यावर उतरली. रस्ता ओलांडला, दगडी कठड्याशी आली, आणि थांबली.

समोर समुद्र नव्हता.

चिखल होता, ओली वाळू होती. होड्या एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या. त्यांच्या साखळ्या उघड्या पडल्या होत्या. पार लांब, आभाळाच्या खाली, चाकूच्या पात्यासारखं काहीतरी चकाकत होतं.

काकूंनी डावीकडून उजवीकडे मान फिरवली, मग उजवीकडून डावीकडे.

"गेला की हो पळून," त्या म्हणाल्या.

 चावीवाले कठड्यावर बसले. पुन्हा आपण तेच केलं, हिला कोरड्या नळासमोर आणून उभं केलं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. इकडे काकूंना हसू फुटलं. हसता हसता त्या कठड्याला टेकल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मनगटानं पुसलं.

चहावाल्याची टपरी तिथंच होती. पोट सुटलेला, गळ्यात टॉवेल अडकवलेला माणूस. "ट्रकवाल्याचे भाऊजी का तुम्ही? मागच्या आठवड्यात वाट बघितली. सांगितलं होतं ना, रोज सरकतं? आज दुपारी ओसरलेलं. आता संध्याकाळी भरेल. तोवर दीपगृह बघून या, मत्स्यालय बघून या."

"चल," चावीवाले उठले. "चटकन दोन्ही करू."

काकू हलल्या नाहीत. "आणि आपण तिकडं असताना इकडं येऊन गेलं तर?"

"अगं, संध्याकाळी म्हणतोय तो."

"तुम्हीसुद्धा रोज वेळ सांगता," काकू म्हणाल्या. "पाण्याला थांबायची मला सवय आहे. बसा."

तर मंडळी, अशी ती सहल. दीपगृह राहिलं, माणसाएवढे मासे राहिले, लिफ्ट राहिली. दोघं कठड्यावर बसून राहिली. घरून आणलेला डबा खाल्ला, चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. काकू निवांत होत्या. चावीवाल्यांची मात्र चुळबुळ थांबेना. ते उठायचे, दहा पावलं जायचे, हात मागे बांधून लांबवर बघायचे, परत यायचे. जन्मभर पाण्याच्या सुटण्याच्या टोकाला उभा राहिलेला माणूस. येण्याच्या टोकाला कधी थांबलाच नव्हता.

"किती वेळ लावतंय," ते म्हणाले.

"असंच असतं ते."

"तू रोज अशी बसायचीस?"

"बसायला कुठली सवड? उभी. हात कामात, कान नळाकडे."

 खाली बघत चावीवाल्यांनी विचारलं, "माझा राग येत असेल?"

"यायचा की. खूप यायचा." काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "मग खालच्या गल्लीत कुणीतरी 'आलं' म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की वाटायचं, चला, धडधाकट आहेत, चावी फिरवतायत. म्हणजे आपल्यापर्यंत पोचणार."

पाणी पोचणार म्हणाली की माणूस, ते चावीवाल्यांनी विचारलं नाही. ते तिच्या शेजारी बसले, आणि त्यानंतर उठले नाहीत.

ऊन कलंडलं तसा वारा फिरला. आधी वाळूवरच्या चिरा भरल्या. त्या भरताना दिसल्या नाहीत, भरलेल्याच दिसल्या. मग एक पातळ पापुद्रा चमकत पुढं आला, थांबला, मागे गेला आणि पुन्हा आला तो आणखी पुढं. होड्यांना जाग आली. एक हलली, तिनं अंग उचललं, आणि बघता बघता ओळीतल्या सगळ्या होड्या उठून सरळ बसल्या. आवाज सुरू झाला. जमिनीखालच्या पाईपातला नव्हे, उघड्या आभाळाखालचा, भरदार, एका दमात सगळ्या किनाऱ्यावर उठणारा.

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांना एका वेळी जेवढं दिसायचं तेवढं पाण्यानं भरून गेलं होतं. म्हणून त्यांनी मान डावीकडे वळवली. तिथं पाणी. आणखी वळवली. पाणी. मग पाय न हलवता सगळं अंग वळवत त्या उजवीकडे निघाल्या, टोक शोधत. पार खांद्यामागपर्यंत गेल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "संपतच नाही हो हे."

चावीवाले बघत राहिले. आपण आयुष्यभर सोडलेलं सगळं पाणी, सगळ्या गल्ल्या, सगळ्या टाक्या, इथं ओतलं असतं तर मघा कलंडलेल्या एका होडीखाली तरी पुरलं असतं का? आणि हे सगळं रोज आत आणून रोज परत नेणारा तो कोण? दमत नाही, चुकत नाही, आणि कुणाच्या दारात सांगत फिरत नाही. त्यांचे दोन्ही हात नकळत पुढे आले होते, आडव्या दांड्यावर ठेवावेत तसे. त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते मागे घेतले.

दोघं पायऱ्या उतरून खाली गेली. काकूंनी चपला काढून हातात घेतल्या. एक लाट आली, त्यांच्या पावलांवरून गेली, घोट्यांपर्यंत चढली, टाचांखालची वाळू घेऊन परत फिरली. काकू डोळे मिटून उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडले, मागे पाहिलं. मागे एक बाई लहान मुलीचा हात धरून पायऱ्या उतरत होती.

काकू लगबगीनं बाजूला झाल्या.

"या, तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "माझं झालं."

ती बाई गोंधळली. तिनं किनाऱ्याकडे पाहिलं, जो दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर मोकळा होता, आणि मग काकूंकडे पाहिलं. काकू हातात चपला घेऊन ओल्या वाळूच्या कडेला अंग चोरून उभ्या होत्या. एक बादली भरली की पुढचीला जागा द्यायची. सामाईक नळावर असंच असतं, याहून वेगळं काही पाणी त्यांना माहीत नव्हतं.

चावीवाले पुढे झाले. त्यांनी काकूंच्या हातातल्या चपला आपल्याकडे घेतल्या, कोपराला धरलं आणि त्यांना पुन्हा पाण्यासमोर आणून उभं केलं. सगळ्यांच्या पुढे. मध्ये कुणी नाही.

"थांब," ते म्हणाले. "अजून येतंय."

आणि खरोखरच येत होतं. परतीच्या बसची वेळ होईपर्यंत ते येतच राहिलं, आणि काकू त्यात उभ्या राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवत.

एवढीच गोष्ट. आता घरी जाल, तहान लागली असेल, नळाखाली पेला धराल. धार जोरात आली तर क्षणभर थांबा. कुठंतरी चढावरच्या शेवटच्या नळाशी एक बाई कान देऊन उभी असेल. पाणी पिण्याआधी तिची आठवण काढा, एवढं मागणं आहे.